अर्धी सोडलेली ओळ

“अगं, मोठ्यानं रड की! तुझा बाप बेडवर पडलाय, आणि तू बस चुकल्यासारखी काय मुसमुसतेस?”

हे ओरडत होता तो बेडवरचा बापच. म्हणजे रंभा मॅडम. डोक्याला टॉवेलाचं मुंडासं, गळ्यापर्यंत ओढलेली हिरवी चादर, चष्मा काढून उशाशी ठेवलेला. चाकण रस्त्यावरच्या त्या नर्सिंग स्कूलच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत पहिल्या वर्षाची तीस मुलं-मुली बेडभोवती कोंडाळं करून उभी होती. पुनमकडे लेकीचं काम होतं. तिनं मग लाज सोडून असा गळा काढला, की खिडकीबाहेरच्या वॉचमननं मान वळवली.

“ताई, गप्प बसा बरं. हॉस्पिटल आहे हे,” प्रज्वल म्हणाला. तो नर्स झाला होता. हातात ट्रे, कपाळावर घाम.

रंभा मॅडम ताडकन उठून बसल्या. “बाप अजून गेला नाही, आणि ह्यानं लेकीचं तोंड बंद केलं! रडणाऱ्या माणसाला गप्प बस...”

“म्हणायचं नाही!” तीस गळे एकदम.

“त्याच्या शेजारी...”

“बसायचं!”

“आणि त्याला सांगायचं...”

इथं मात्र वर्ग फुटला. निम्मे म्हणाले, ‘सगळं ठीक होईल’. निम्मे म्हणाले, ‘डॉक्टर बघतायत’. मॅडमचे डोळे लकाकले.

“वा! लागलं भांडण. आता शेजारच्याशी भांडा, दोन मिनिटं. जो ‘सगळं ठीक होईल’ म्हणतो ना, त्याला विचारा, तू काय देवाच्या कचेरीत कामाला आहेस का?”

खोलीत बाजार भरला. प्रज्वल मात्र कुणाशी भांडला नाही. ट्रे ठेवून तो बेडजवळ आला.

“मॅडम, एक बोलू का? राग नका येऊ देऊ.”

“बोल बाळा.”

“तुम्ही शिकवायलाव ते भारी हाय. पण पेपरात ‘रडून दाखवा’ असा प्रश्न येत न्हाई. बी बॅचवाल्यांच्या दोन-दोन वह्या भरल्यात. माझी चार पानं झालीत फक्त. नोट्स द्या की.”

प्रज्वलचे वडील बीडकडून आलेले, महाळुंग्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. एका खोलीत पाच माणसं. तिथं बसून हा पोरगा इतक्या मोठ्यानं पाठ करायचा, की शेजारच्या खोल्यांतल्या लहान पोरांनाही हातापायाची हाडं नावानिशी यायला लागली होती. पहिल्या चाचणीत तो पहिला आला होता. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि रंभा मॅडमना ते ठाऊक होतं.

“देते. आज शेवटच्या तासाला देते,” त्या म्हणाल्या. “सोमवारी तुम्ही वॉर्डात जाणार. त्याच्या आधी एक गोष्ट द्यायची राहिलीच आहे माझी.”

तेवढ्यात दार उघडलं. प्राचार्या योगिनी मॅडम दारात उभ्या होत्या. बाजार एका क्षणात उठला.

“मॅडम, जरा केबिनमध्ये येता?”

*

“बसा. आणि ते मुंडासं काढा आधी,” योगिनी म्हणाली.

रंभानं टॉवेल काढून मांडीवर घेतला. टेबलावर जाडजूड फाइल होती. आज तपासणी. नर्सिंग मंडळाकडून एक बाई येणार होत्या. वर्ग बघणार, वह्या बघणार, शेरा मारणार. त्या शेऱ्यावर पुढच्या वर्षीच्या जागा ठरायच्या.

योगिनीनं फाइलचं एक पान पुढं सरकवलं. छापील प्रश्न होता: अध्यापनात ॲक्टिव्ह लर्निंगचा वापर केला जातो का? होय किंवा नाही. ‘होय’वर खूण होती. खाली फोटो जोडलेला. मागच्या वर्षीची कार्यशाळा, रंगीत कागद, फुगे, हसऱ्या चेहऱ्यांच्या शिक्षिका.

“ह्यात मी नाही,” रंभा म्हणाली.

“तुम्ही तेव्हा वर्गावर होतात.”

“आणि वर्गावर मी जे करते ते काय वेगळं आहे?”

“तेच आहे, मॅडम. मला कळतं ते. पण त्याचा आवाज येतो. फोटोला आवाज नसतो.” योगिनी दमल्यासारखी हसली. “चेअरमनसाहेब परवा जिन्यानं वर येत होते. तुमच्या वर्गात कुणीतरी हंबरडा फोडत होतं. मला म्हणाले, ही शाळा आहे का तमाशाचा फड?”

चेअरमन म्हणजे अर्जुनराव. माणूस वाईट नव्हता. कंपन्यांनी घेऊन उरलेल्या आपल्या जमिनीवर त्यानं ही तीन मजली इमारत उभी केली होती. गावच्या सप्ताहात कीर्तनकार महाराजांची पंगत दर वर्षी त्याच्याच घरी असायची. फक्त त्याला वाटायचं, की शिकणं म्हणजे शांतता. वर्गात आवाज आला की पोरं वाया चालली.

“शेवटच्या तासाला ते बाईंना घेऊन तुमच्याच वर्गावर येणार,” योगिनी म्हणाली. “रुग्णसुरक्षेचा धडा आहे ना? पुस्तक घ्या आणि उतरवून द्या. वह्यांत काहीतरी दिसलं पाहिजे, मॅडम. आज तेवढं शांत घ्या. सोमवारपासून तुमच्या मनासारखं.”

“सोमवारी पोरं वॉर्डात असतील, योगिनी. माणसांच्या अंगात सुया घालतील.”

योगिनीनं फाइल मिटली. बारा वर्षांपूर्वी ती स्वतः ह्याच रंभा मॅडमपुढं ट्रे घेऊन उभी राहिली होती.

“आज कोणता धडा आहे ते मला माहीत आहे,” ती हळूच म्हणाली. “मला अजून येतो.”

“मग?”

“मग काही नाही. तुमची नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची असते. जूनमध्ये ती माझ्या सहीनं निघत नाही. एवढंच सांगायचं होतं.”

रंभा उठली. टॉवेलाची घडी केली.

“सांगितलंस ते बरं केलंस,” ती म्हणाली. “आता वाईट वाटून घेऊ नकोस.”

*

दुपारी डबा घेऊन ती मागच्या पायरीवर बसली. समोर कंपनीची भिंत. भिंतीपलीकडे पत्रा दाबणाऱ्या मशिनचा ठोका एकसारखा पडत होता. रंभाला त्या ठोक्यात ठेका ऐकू यायचा. सगळं आयुष्य तिनं ठेक्यावर काढलं होतं.

तिचे वडील धर्माजी निघोज्यात टाळकरी होते. शेत कंपनीत गेलं, पण हातातला टाळ गेला नाही. चाळीस वर्षं ते कीर्तनकारांच्या मागं उभे राहिले. कितीतरी महाराज आले आणि गेले, हा माणूस त्याच जागेवर, त्याच टोपीत. लहानपणी मांडवात पुढं बसून रंभा बघायची. महाराज ओळ उचलायचे, अर्ध्यावर आणायचे आणि सोडून द्यायचे. मागचे टाळकरी ती झेलायचे, त्यांच्या मागून अख्खा मांडव. म्हातारे-कोतारे, बाया, पोरं, सगळे.

एकदा तिनं विचारलं होतं, “आबा, म्हाराज वळ अर्धी का सोडत्यात? इसरत्यात व्हय?”

धर्माजी हसले होते. “इसरत न्हाईत गं. सगळी वळ त्येनीच म्हनली तर आमी नुसतं ऐकनार. नुसतं ऐकल्यालं घरला जास्तवर गळून जातंय. अर्धी सोडली की ती आपल्याला पुरी करावी लागती. आन् पुरी केली की ती आपली झाली. मग कुनी काढून घिऊ शकत न्हाई.”

पुढं नर्सिंगला शिकवायला लागल्यावर रंभानं तेच केलं. पुस्तकातलं वाक्य उचलायचं, अर्ध्यावर सोडायचं. पोरांना रुग्ण करायचं, नातेवाईक करायचं, आपण स्वतः बेडवर झोपायचं. लग्न तिनं केलं नाही. का ते विचारलं तर ‘जमलं नाही’ एवढंच म्हणायची. दर एकादशीला कीर्तन आणि रोज वर्ग, यात दिवस कसे गेले ते तिला कळलं नव्हतं. कार्यशाळेत पुण्याच्या एका सरांनी दोन दिवस पडद्यावर चौकटी दाखवून नव्या अध्यापनपद्धती समजावल्या, असं योगिनीनं येऊन सांगितलं होतं. चौकटींचा कागद रंभानं चष्मा लावून नीट वाचला. मग म्हणाली, “हा तर आबांचा टाळ आहे.”

पण आजचा धडा तिच्याकडे कीर्तनातून आला नव्हता. तो कुठून आला हे तिनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आबांनाही नाही.

तिनं डबा झाकला. अर्धी भाकरी तशीच राहिली.

*

शेवटच्या तासाला वर्ग इतका शांत होता की पंख्याचं कुरकुरणं ऐकू येत होतं. मागच्या बाजूला तपासणीच्या बाई बसल्या. घट्ट अंबाडा, मांडीवर कागद. शेजारी पांढऱ्याशुभ्र शर्टातले अर्जुनराव. योगिनी दाराशी उभी.

रंभानं पुस्तक उघडलं.

“लिहा. मुद्दा क्रमांक एक. औषध देण्यापूर्वी रुग्णाची ओळख पटवावी.”

तीस पेनं कागदावर उतरली. प्रज्वलचा चेहरा उजळला.

“मुद्दा क्रमांक दोन. रुग्णास त्याचे पूर्ण नाव स्वतः सांगण्यास सांगावे. त्याचे नाव आपण उच्चारून ‘हो’ असे उत्तर घेऊ नये. मुद्दा क्रमांक तीन. सांगितलेले नाव केस पेपरशी ताडून पाहावे.”

बाईंनी मान डोलावली. अर्जुनरावांनी समाधानानं पायावर पाय टाकला. प्रज्वलनं दुसऱ्या मुद्द्याखाली लाल पेनानं, पट्टी लावून रेघ मारली.

रंभानं समोर बघितलं. तीस भांग दिसले. डोळा एकही दिसला नाही. कीर्तनात असं कधी होत नाही, तिच्या मनात आलं. तिथं झोपलेला माणूससुद्धा तोंड वर करून झोपतो.

“मुद्दा क्रमांक चार,” ती म्हणाली, आणि तिनं पुस्तक मिटलं.

पेनं थांबली.

“प्रज्वल, लिहिलंस सगळं?”

“हो मॅडम. शब्दन् शब्द.”

“शाबास. आता पेन ठेव आणि ट्रे घे. साहेब, तुम्ही जरा पुढं या. पाच मिनिटं बेडवर बसा.”

“मी?” अर्जुनराव बाईंकडे बघून हसले. “मॅडम, नोट्स चालल्या होत्या त्या चालू द्या ना.”

“ॲक्टिव्ह लर्निंग आहे, साहेब. फॉर्ममध्ये आहे ते. आपण ‘होय’ म्हटलंय.”

तपासणीच्या बाईंनी कागदावरून मान वर केली. “हं. बघू की. बसा तुम्ही,” त्या म्हणाल्या.

आता सुटका नव्हती. अर्जुनराव बुटासकट बेडच्या कडेला बसले, हातात मोबाइल तसाच. रंभानं ट्रेमध्ये एक केस पेपर ठेवला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: बाळू विठ्ठल गायके, बेड क्रमांक सात.

“ह्या पेशंटला इंजेक्शन द्यायचंय. जा.”

प्रज्वल निघाला. समोर साक्षात चेअरमन. केस पेपरकडे बघत तो म्हणाला, “नमस्कार. तुम्ही... बाळू गायके ना?”

त्याच वेळी मोबाइल उजळला. अर्जुनरावांनी त्यावरची नजर न काढता हात हलवला. “हां हां. चालू दे, चालू दे.”

प्रज्वलनं केस पेपर खाली ठेवला, रिकामी सिरिंज उचलली आणि कापसाचा बोळा पांढऱ्या बाहीकडे नेला.

“थांब,” रंभा म्हणाली. “साहेब, तुमचं नाव काय?”

“म्हणजे? अर्जुनराव.”

“आत्ता तर बाळू होतात.”

मग पुनमच्या तोंडून हसू फुटलं आणि पाठोपाठ सगळा वर्ग फिसकन हसला. आणि लगेच गप्प झाला. प्रज्वल हसत नव्हता. तो बाकावरच्या आपल्या वहीकडे बघत होता.

“बाई, ह्याची वही बघा,” रंभा म्हणाली. “मुद्दा क्रमांक दोन. खाली लाल रेघ आहे. शाई वाळली नाही अजून, आणि पोरगं आमचं पहिल्या नंबरचं आहे. साहेब तर स्वतःच्या इमारतीत बसलेत, कुणाला भ्यायचं कारण नाही. तेसुद्धा ‘हां’ म्हणाले. मग जन्मात पहिल्यांदा दवाखाना बघणारी बाई काय म्हणेल?”

अर्जुनराव उठले. मान लाल झाली होती. “बास झालं, मॅडम. पोरांना नोट्स द्या. तुमचं काम ते आहे.”

“देते, साहेब. ही माझी नोट आहे. कुठल्या पुस्तकात सापडायची नाही.” ती वर्गाकडे वळली. “वह्या मिटा.”

वह्या मिटल्याचा आवाज आला. आता तिला साठ डोळे दिसत होते.

“मी चोवीस वर्षांची होते. पिंपरीकडच्या एका हॉस्पिटलात नोकरीला. हा मुद्दा क्रमांक दोन मला परीक्षेत आला होता. पाचपैकी पाच मिळाले होते. वॉर्डात शेजारी-शेजारी दोन बाया होत्या. गवराबाईला साखर, तिला इन्सुलिन द्यायचं. दुसरी कौसाबाई, मराठवाड्यातून लेकाकडे आलेली, किडनीच्या दुखण्यानं पडलेली. त्या सकाळी गवराबाई तोंड धुवायला गेली होती. येताना खिडकीशी ऊन होतं म्हणून ती पलीकडच्या, कौसाबाईच्या बेडवर टेकली. आणि तिच्या बेडवर, माझ्यासमोर, कौसाबाई. मी गडबडीत. हसून विचारलं, गवराबाई ना? ती म्हणाली, व्हय. मी इंजेक्शन दिलं.”

भिंतीपलीकडचा ठोका तेवढा पडत होता.

“दुपारी ती घामानं भिजलेली सापडली. सलाईन लावलं, शुद्ध आली. मी तिच्या पायाशी बसून विचारलं, मावशी, तुम्ही गवराबाई नाही, मग व्हय का म्हणालात? ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुमी इतक्या मायेनं इचारलंत बाई, न्हाई कसं म्हनायचं?’ ” रंभानं हातातलं पुस्तक बेडवर ठेवलं. “पहाटे तिची साखर पुन्हा उतरली. तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. ती गेली. कागदावर कारण म्हणून किडनी लागली. मी मेट्रनबाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, गप्प राहा. मी राहिले. एकतीस वर्षं हा धडा मी ‘एक सिस्टर होती’ म्हणून शिकवला. ती सिस्टर मीच.”

मागं खुर्ची सरकली.

“मॅडम,” तपासणीच्या बाई म्हणाल्या, “हे तुम्ही तपासणीच्या वेळी, माझ्यासमोर सांगताय? कळतंय ना तुम्हाला?”

“व्हय,” रंभा म्हणाली. वर्गात तिच्या तोंडी गावची बोली आजवर कधी आली नव्हती. “लिवून घ्या.”

बाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते हललं नाही. अर्जुनराव बाहेर गेले. बुटांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला.

रंभानं डोळे पुसले नाहीत. पदर खोचला आणि पुढं आली.

“चला. नाव आपण...”

पहिल्यांदा कुणाला उमगलंच नाही. ही ओळ नवी होती. मग प्रज्वलचाच आवाज आला, घोगरा.

“सांगायचं नाही.”

“मोठ्यानं! नाव आपण...”

“सांगायचं नाही!”

“नाव त्यांनी...”

“सांगायचं!”

तीस गळे होते. एकतिसावा दारातून आला. रंभानं तिकडे बघितलं नाही, पण आवाज ओळखला. बारा वर्षांपूर्वी तो जरा बारीक होता.

मग तिनं एकेकाला बेडवर झोपवलं आणि एकेकाच्या हातात ट्रे दिला. केस पेपरांची अदलाबदल केली. कुणी बहिरी आजी झाली, कुणी दारू उतरत असलेला काका, कुणी हिंदीत बोलणारा कामगार. कुणी कितीही ‘हां हां’ म्हटलं तरी नाव त्याच्याच तोंडून काढायचं. शाळा सुटल्याची घंटा झाली, कंपनीचा भोंगा झाला, बसेस लागल्या. कुणी उठलं नाही. तपासणीच्या बाईही बसून होत्या. प्रज्वलनं सात वेळा केलं. सातव्या वेळी त्याच्या तोंडात ‘तुम्ही अमुक ना?’ आलं नाही.

*

अहवाल पंधरा दिवसांनी आला. ‘नोंदवह्या अपूर्ण. वर्गशिस्तीत सुधारणेस वाव.’ ॲक्टिव्ह लर्निंगपुढं ‘होय’, फोटो जोडलेला. कौसाबाईचं नाव कुठंच नव्हतं. बाईंनी ते लिहूनच घेतलं नव्हतं. दयेनं म्हणा, नाहीतर कटकट नको म्हणून. रंभाला बाकी कशापेक्षा ह्याचंच वाईट वाटलं.

जूनमध्ये ऑर्डर निघाली नाही.

अर्जुनरावांनी रीत सोडली नाही. योगिनीच्या हाती शाल आणि नारळ पाठवला. योगिनी निघोज्याला रंभाच्या घरी आली, ओट्यावर बसली.

“मी सही करून पाठवलं होतं, मॅडम. तुम्हाला ठेवा म्हणून. वरून परत आलं.”

“ठाऊक आहे. तुझा आवाज ऐकला होता मी त्या दिवशी.”

“माफी मागा, म्हणत होते. दोन ओळी लिहून द्या. मग बघू.”

“कशाची माफी? शिकवल्याची?” रंभानं नारळ तेवढा घेतला. शाल परत तिच्या मांडीवर ठेवली. “ही प्रात्यक्षिकाच्या खोलीत ठेव. चादर पार विरली आहे तिथली. पेशंट होणाऱ्या पोरांना पांघरायला होईल.”

“नव्या मॅडम कुणाला झोपवत नाहीत.”

“मग त्या झोपवेपर्यंत जपून ठेव.”

नारळ तिनं देवळात नेऊन फोडला आणि टाळकऱ्यांना खोबरं वाटलं. आबांची जागा आता एका कंपनीतल्या फिटरनं घेतली होती. भरदार गळ्याचा माणूस. काल्याच्या कीर्तनात महाराजांनी ओळ सोडली की तो अशी उचलायचा, की रंभाचे हात आपोआप टाळीला जायचे.

*

पुढच्या वर्षी तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला.

ऑपरेशनला नेण्याआधी सकाळी तिला बाकीच्यांबरोबर एका रांगेत झोपवलं. हिरवा गाऊन, केसांवर टोपी, चष्मा काढून घेतलेला. जग म्हणजे नुसते पांढरे आणि हिरवे डाग. सहा बेड, सहा म्हाताऱ्या. तिला वाटलं, आता माझ्यात आणि शेजारणीत फरक तो काय.

घाईत एक सिस्टर आल्या. आवाज गोड होता, खांद्यावर ठेवलेला हात ऊबदार. “आजी, घाबरायचं नाही हं. तुम्ही सुमनताई ना? उजवा डोळा?”

आणि रंभाच्या ओठांवर ‘हो’ आलं.

तिनं ते तिथंच अडवलं. एकतीस वर्षं शिकवलं, आणि आलं. भीती नव्हती, विसर नव्हता. एवढ्या मायेनं विचारणाऱ्या पोरीला आपल्यापायी खोळंबा नको, एवढंच. कौसाबाई, तिच्या मनात आलं. असं होतं तर.

तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “सिस्टर, एक मिनिट. मी विचारतो.”

एक पांढरा डाग जवळ आला, वाकला. आणि थबकला. श्वास एकदम आत ओढल्याचं तिला ऐकू आलं. आता ‘अहो मॅडम, तुम्ही!’ असं म्हणेल, असं तिला वाटलं. कुणीही म्हटलं असतं. त्या आवाजातलं बीड अजून पुरतं गेलं नव्हतं.

तो तसं म्हणाला नाही. हातातला कागद सरळ केला आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला,

“नाव आपण...”

आणि सोडून दिलं.

“सांगायचं नाही,” रंभानं पुरं केलं.

“मग सांगा.”

“रंभा धर्माजी येळवंडे,” ती म्हणाली. “डावा डोळा.”

प्रज्वलनं केस पेपरावर बोट ठेवलं, आणि ते नाव जन्मात पहिल्यांदाच ऐकल्यासारखं, अक्षर अक्षर ताडून पाहिलं.